ओटीवर नेट धो धो, माजघरात थेंब नाही: नवा राऊटर जोडताना अडलेय

केळफूल | शनिवार, रात्री ९:१०

मंडळी, मदत हवी आहे. जरा लांबण लावते, कारण अर्धवट माहिती दिली की इथे आधी चार प्रश्न येतात आणि मग उत्तर.

सध्या मुक्काम कुडाळजवळ सासरी. जूनपर्यंत काम इथूनच करायचं ठरलंय. घर जुनं, चिऱ्याचं, भिंती दीड-दीड फुटी. केबलवाल्याने दोन वर्षांपूर्वी फायबर दिलं, १०० एमबीपीएसचा प्लॅन, आणि पांढरा डबा ओटीवर मीटरशेजारी ठोकला. ओटीवर बसलं की नेट झकास. माजघरात दोन कांड्या. स्वयंपाकघरात मोबाईल नुसता शोधत राहतो, आणि माझी कामाची खोली त्याच्याही मागे. गेला आठवडा मी ओटीवर बसून मीटिंगा केल्या. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण "कधी इलंस?" विचारतो आणि ते अख्ख्या टीमला ऐकू जातं.

म्हणून काल नवा राऊटर आणला, दोन बँडवाला, चार अँटेनांचा. डब्यातून वायर काढून नव्याच्या निळ्या पोर्टात घातली. ॲपने विचारलं, कनेक्शन कुठल्या प्रकारचं? पुण्याच्या फ्लॅटवर पीपीपीओई होतं एवढं आठवत होतं. तेच निवडलं, बिलावरचं युजरनेम-पासवर्ड टाकलं. तेव्हापासून इंटरनेटचा दिवा नारिंगी. वायफाय जोडलं जातं, पण खाली 'इंटरनेट नाही'. पासवर्ड तीनदा तपासला. केबलवाल्याला फोन केला तर "मॅडम, आमच्याकडून सिग्नल ओके आहे." काय चुकतंय?

रिकामटेकडी | रात्री ९:१६

बंद करून चालू केलंत का? (पहिला प्रतिसाद हाच असावा असा इथला कुळाचार आहे. हलकेच घ्या.)

केळफूल | रात्री ९:१९

केलं. मी चारदा, सासऱ्यांनी दोनदा. सासूबाईंनी एकदा नुसतं रागाने बघितलं.

ठाकुर्लीकर | रात्री ९:३४

चार प्रश्न चुकले नाहीतच. :)

पांढऱ्या डब्यात बारीक वायर हिरव्या टोकाची जाते का? त्याच्यावर 'पॉन' नावाचा दिवा स्थिर हिरवा आहे का, की 'लॉस' नावाचा लाल पेटलाय? डब्याचं स्वतःचं वायफाय चालू आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नवा राऊटर बाजूला ठेवून लॅपटॉप वायरने थेट डब्याला जोडला तर नेट चालतं का, आणि लॅपटॉपला आयपी पत्ता कोणता मिळतो?

एक सूचना. ती हिरव्या टोकाची वायर काढून डोळ्याजवळ नेऊन बघू नका. आतला प्रकाश इन्फ्रारेड असतो, दिसणार काहीच नाही, पण असतो. ती बोटाभोवती गुंडाळूही नका. काच आहे, जास्त वाकली की सिग्नल पडतो.

केळफूल | रात्री १०:०२

हिरवं टोक आहे. पॉन हिरवा, लॉस बंद. डब्याचं वायफाय चालू, सासरे त्याच्यावरच बातम्या बघतायत. लॅपटॉप थेट जोडला तर नेट मस्त चालतं, कुठेही पासवर्ड विचारला नाही. पत्ता १९२.१६८.१.५.

तारेवरचा कावळा | रात्री १०:११

मग झालं की उत्तर. लॅपटॉपला पासवर्ड न मागता नेट मिळतंय आणि पत्ता १९२.१६८ वाला, म्हणजे घरातल्या घरात वाटायचा, मिळतोय, याचा अर्थ तुमचा पांढरा डबा नुसता फायबरचं तांब्यात भाषांतर करणारा नाही, तो स्वतःच राऊटर आहे.

पीपीपीओई म्हणजे केबलवाल्याच्या दारात हजेरी लावणं. नाव सांगा, पासवर्ड सांगा, आत घेतात, बाहेरचा एक पत्ता देतात. ती हजेरी डब्याने दोन वर्षांपूर्वीच लावलीय. आता तुमचा नवा राऊटर त्याच नावाने पुन्हा हजेरी लावायला गेला. एका नावाला बहुधा एका वेळी एकच हजेरी मिळते, म्हणून दुसऱ्याला हाकलतात.

पुण्याच्या फ्लॅटवर बहुतेक इमारतीच्या स्विचमधून साधी लॅन वायर घरात आली असेल. तिथे हजेरी लावणारं दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती राऊटरने लावली. इथे घरात आधीच कारभारी आहे.

नव्या राऊटरमध्ये पीपीपीओई काढा, 'डायनॅमिक आयपी' निवडा, म्हणजे तो पत्ता डब्याकडून आपोआप घेईल.

पायरीचा दगड | रात्री १०:२८

कावळेबुवा, निदान बरोबर, कारण चूक. 'एका नावाला एकच हजेरी' हे खरं, पण इथे प्रकरण तिथवर पोचतच नाही. पीपीपीओईची पहिली हाक असते "कोणी आहे का?" एवढीच. ती जवळच्या वायरीवर सगळ्यांना उद्देशून मारलेली असते. डबा राऊटर म्हणून काम करत असेल तर ती हाक डब्याच्या अलीकडच्या बाजूलाच विरते, केबलवाल्याच्या यंत्रापर्यंत जात नाही. त्यामुळे केबलवाल्याचा मुलगा "आमच्याकडून ओके" म्हणाला तो खोटं बोलला नाही. त्याच्या पडद्यावर नकाराची नोंदच नसणार.

हा फरक कीस काढण्यापुरता नाही. राऊटरच्या लॉगमध्ये 'उत्तर आलं नाही' लिहिलेलं असेल तर पासवर्ड शंभरदा तपासून उपयोग नाही. वायर, पोर्ट किंवा प्रकार चुकलाय. 'ओळख पटली नाही' लिहिलं असेल तरच पासवर्डाकडे बघायचं. केळफूलताई, लॉग बघा, पैज लावतो पहिलंच असेल.

केळफूल | रात्री १०:४०

जिंकलात. पानभर 'उत्तर नाही, वेळ संपली' आहे. आणि मी पासवर्डातलं शून्य आहे की ओ आहे यावर नवऱ्याशी भांडले.

निवृत्त एक्स्चेंज | रात्री ११:०५

६७८ आणि ६९१!

दगडसाहेबांनी जुने दिवस आठवून दिले. २००५ साली बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं तेव्हा मोडेमच्या मागे संगणक आणि संगणकावर 'डायल' करायचं चौकोनी खिडकीतून. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही, ६९१ म्हणजे नाव-पासवर्ड नामंजूर. लोक ६७८ आला तरी पासवर्ड बदलून घ्यायला ऑफिसात यायचे. मोडेममध्ये व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ हे आकडे भरायचे, ते मला अजून पाठ आहेत, नातवंडांचे वाढदिवस नाहीत. टेलिफोनच्या आणि मोडेमच्या मध्ये स्प्लिटर लावला नसला की फोनमध्ये खरखर यायची आणि रिंग वाजली की नेट तुटायचं.

केळफूल | रविवार, सकाळी ७:५०

डायनॅमिक केलं. दिवा हिरवा झाला! अर्धा मिनिट मी नाचले. मग कळलं की पान काही उघडत नाही. वर आणखी गंमत, डब्याचं सेटिंग बघावं म्हणून १९२.१६८.१.१ टाकलं तर नव्या राऊटरचंच पान उघडतंय. डबा गेला कुठे?

ठाकुर्लीकर | सकाळी ८:१५

डबा आहे तिथेच आहे. दोघांनी एकच घर क्रमांक लावलाय.

डब्याचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१, आणि नव्या राऊटरचाही कंपनीतून तोच आलेला. नव्याच्या पुढच्या अंगणातही १९२.१६८.१ आणि मागच्या अंगणातही १९२.१६८.१. पत्र आलं की पुढे टाकायचं की मागे, त्याला कळत नाही. काही नवे राऊटर हे ओळखून स्वतःचा पत्ता आपोआप बदलतात, तुमचा बदलत नाही असं दिसतंय.

नव्याच्या लॅन सेटिंगमध्ये जाऊन पत्ता १९२.१६८.५०.१ करा. राऊटर पुन्हा सुरू होईल, मोबाईल वायफायवरून तोडून परत जोडा. चालेल.

तारेवरचा कावळा | सकाळी ८:४०

चालेल, पण तिथेच थांबू नका. असं केलं तर घरात एकामागे एक दोन राऊटर होतात, दोघंही पत्ते वाटणार. सासऱ्यांचा फोन ओटीच्या वायफायवर असेल आणि प्रिंटर तुमच्या खोलीत, तर फोनला प्रिंटर दिसणार नाही. नेट बघायला काही अडत नाही, घरातल्या वस्तूंनी एकमेकांशी बोलायचं म्हटलं की अडतं.

माझं मत: नव्याला ॲक्सेस पॉइंट करा. पत्ते वाटायचं काम डब्याकडेच राहू दे, नव्याने फक्त वायफाय द्यायचं. सेटिंगमध्ये 'ऑपरेशन मोड' असेल तर तिथून एका टिचकीत होतं. नसेल तर हाताने: डब्याला जोडण्याआधीच नव्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा (डब्याच्या वाटपाच्या यादीत तो आकडा येत नाही ना ते बघून), मग त्याचं डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद करा, आणि वायर निळ्या पोर्टात न घालता पिवळ्यातल्या कुठल्याही एकात घाला. निळं रिकामं. घरात जुना राऊटर पडला असेल तर त्याचंही असंच करता येतं, भंगारात देऊ नका.

पायरीचा दगड | सकाळी ९:०२

मी उलट सांगेन. डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या. मग तो खरोखरच नुसता भाषांतरकार होतो, हजेरी नवा राऊटर लावतो, आणि सगळं तुमच्या हातात. डब्यांमधले प्रोसेसर दुबळे असतात, फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) वर्षानुवर्षं कोणी बदलत नाही.

तारेवरचा कावळा | सकाळी ९:१५

दगडभाऊ, पुण्यामुंबईत ठीक. इथे ब्रिजसाठी केबलवाल्याकडून व्हीलॅन क्रमांक (त्याच्या जाळ्यातल्या मार्गिकेचा आकडा) हवा, डब्याचा वरच्या दर्जाचा ॲडमिन पासवर्ड हवा जो तो देत नाही, आणि ब्रिज केलं की डब्याचं वायफाय बहुधा जातं. म्हणजे ओटीवर सासऱ्यांच्या बातम्या बंद. डब्याला टेलिफोन जोडलेला असेल तर तोही आधी विचारून घ्यावा लागतो. आणि उद्या मुलगा येऊन डबा रीसेट करून गेला की ताई पुन्हा नारिंगी दिव्यासमोर.

पायरीचा दगड | सकाळी ९:२१

सासऱ्यांच्या बातम्या हा मुद्दा मान्य. माघार.

हापूसराखण | सकाळी १०:३०

धाग्यात घुसतो, माफी. माझी बाग देवगडकडे, मी मुंबईत. बागेतल्या खोपीत फायबर आहे, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर आहे. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं (बाहेरून डीव्हीआरपर्यंत यायला दार उघडलं), मुंबईहून काही दिसत नाही. मीही ब्रिज करू का?

पायरीचा दगड | सकाळी १०:४८

आधी हे बघा: राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता काय आहे? १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर ब्रिज करा नाहीतर राऊटर उलटा टांगा, पोर्ट फॉरवर्ड होणार नाही. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून सुमारे ४३० कोटी, ते पुरत नाहीत. म्हणून केबलवाला शेकडो घरांना मिळून एक खरा पत्ता देतो आणि आत हे खासगी पत्ते वाटतो. २०१२ मध्ये हा पट्टा खास या कामासाठी राखून ठेवला गेला. बाहेरून आलेली हाक तुमच्या खोपीपर्यंत यायची तर मधल्या यंत्रात दार उघडावं लागेल, आणि ते तुमच्या हातात नाही.

मार्ग: केबलवाल्याकडून स्थिर आयपी विकत घेणं, दोन्हीकडे आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते) असेल तर ते वापरणं, किंवा डीव्हीआरच्या ॲपची क्लाउड सोय चालू करणं. शेवटच्यात हाक आतून बाहेर जाते, म्हणून चालतं. आणि कॅमेऱ्याचा कंपनीचा पासवर्ड आजच बदला, नाहीतर तुमच्या आंब्यांवर भलतेच लोक लक्ष ठेवतील.

हापूसराखण | सकाळी ११:१०

१००.८१ आहे. कळलं. दंडवत.

केळफूल | सकाळी ११:५५

ॲक्सेस पॉइंट केलं आणि चाललं!! पण राऊटर अजून ओटीवरच आहे, डब्याच्या शेजारी. आता दोन्ही मिळून ओटीवरच नेट ओततायत. :( चार अँटेना आहेत, तरी माजघरात उजेड नाही. आत नेऊन रिपीटर करू का?

तारेवरचा कावळा | दुपारी १२:२०

अँटेना आठ असत्या तरी चिरा तो चिराच. वायफायच्या दोन बँडांपैकी पाच गिगाहर्ट्झ तर पहिल्या भिंतीलाच दमतं, २.४ दुसरीपर्यंत रखडतं. मोबाईलवर सिग्नल मोजायचं एखादं ॲप घ्या. उणे ५० म्हणजे छान, उणे ६७ पर्यंत मीटिंग धड होते, उणे ८० ला नुसती आशा असते.

रिपीटर नको. एकाच बँडवर घेऊन त्याच बँडवर पुढे द्यायचं तर वेग निम्म्यावर येतो, आणि दमलेला सिग्नल उचलून पुढे पाठवला तर तो दमलेलाच पोचतो. वायर ओढा. लॅनच्या तांब्याच्या वायरीला १०० मीटरची मर्यादा आहे, तुमचं घर त्यात पाचदा बसेल. डबा ओटीवरच राहू दे, वायर माळ्यावरून नेऊन राऊटर तुमच्या खोलीत.

ठाकुर्लीकर | दुपारी १२:४१

+१. वायर कॅट-६ घ्या, पूर्ण तांब्याची, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. विजेच्या वायरीला चिकटवून समांतर नेऊ नका. आणि टोकं स्वतः ठोकणार असाल तर क्रम पाठ करा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

यातली एक खोड सांगतो. १०० एमबीपीएसला फक्त नारिंगी आणि हिरवी जोडी लागते. निळी किंवा तपकिरी तार नीट बसली नाही तरी नेट चालतं, कोणाला शंका येत नाही. मग तीन वर्षांनी ३०० चा प्लॅन घेतला की वेग ९४ च्या वर जात नाही आणि माणूस केबलवाल्याशी भांडत बसतो. स्वस्त राऊटरचं पोर्टच १०० चं असलं तरी तोच ९४ दिसतो, खोक्यावर ३०० छापलेलं असूनही. तो ३०० हवेतला.

माळ्यावरची मांजर | दुपारी १:०५

माळ्यावर उंदीर आहेत का? मग वायर पीव्हीसीच्या नळीतून घाला. अनुभवाचे बोल.

निवृत्त एक्स्चेंज | दुपारी २:३०

उंदरांचं नंतर, आधी विजेचं बघा. मे महिन्यातला आणि परतीचा पाऊस कोकणात गडगडाट घेऊन येतो. फायबरमधली काच वीज वाहत नाही, पण खांबावरून आलेल्या त्या वायरीला आधाराची लोखंडी तार असते, आणि घरातली लॅनची वायर तर तांब्याचीच. ओटीपासून मागच्या खोलीपर्यंत घरातल्या घरात नेताय तोवर ठीक. गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या घरापर्यंत तांब्याची वायर उघड्यावरून ओढू नका, तिथे फायबरच हवी. गडगडायला लागलं की ॲडॉप्टर काढाच, पण लॅनची वायरही दोन्हीकडून काढा. लोक पहिलं करतात, दुसरं विसरतात. मग राऊटर चालू असतो पण पोर्ट मेलेलं असतं.

रिकामटेकडी | दुपारी २:४४

आणि दिवे गेले की? तिकडे जातातच.

निवृत्त एक्स्चेंज | दुपारी ३:१०

छोटा डीसी यूपीएस मिळतो, १२ व्होल्टचा. डब्यालाही लागेल आणि राऊटरलाही, एक चालू राहून उपयोग नाही. दोन्ही ॲडॉप्टरांवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. काही राऊटर ९ व्होल्टचे असतात, त्यांना १२ दिले की धूर. पिनचं आतलं धन, बाहेरचं ऋण आहे ना तेही छापलेलं असतं.

केळफूल | बुधवार, रात्री ८:२५

अहवाल देते.

वायरमन आला, २२ मीटर वायर माळ्यावरून नळीतून गेली. ठोकताना मी शेजारी उभं राहून रंग मोठ्याने वाचले, तो म्हणाला, "वहिनी, तुमीच करा." राऊटर आता माझ्या खोलीत लाकडी फळीवर. आधी लोखंडी कपाटावर ठेवला होता, मांजरताईंनी व्यक्तिगत निरोप धाडून खाली उतरवायला लावला. खोलीत उणे ४२, स्वयंपाकघरात उणे ५८, वेग ९३-९४. सासूबाईंनी चुलीपाशी बसून बहिणीला पहिल्यांदा व्हिडिओ कॉल केला आणि अर्धा तास फणसाची भाजी दाखवली.

नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवलाय, म्हणजे ओटीवरून आत येताना फोन आपोआप बदलतो. बदलायला जरा आढेवेढे घेतो.

ठाकुर्लीकर | रात्री ८:४०

मस्त. आढेवेढे तो घेणारच, कधी बदलायचं ते फोन ठरवतो. दोन्हीकडचे २.४ चे चॅनल वेगळे करा, एकाला १, दुसऱ्याला ११. आणि जाता जाता: राऊटरच्या पानाचा ॲडमिन पासवर्ड बदला, तो वायफायच्या पासवर्डाहून वेगळा असतो हे अनेकांना माहीत नसतं. डब्ल्यूपीएसचं (पासवर्डाशिवाय जोडायचं) बटण सेटिंगमधून बंद करा. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३, त्याखालचं नको. जुनं ठेवलं तर सुरक्षाही जाते आणि वेगही ५४ वर अडकतो.

केळफूल | शुक्रवार, संध्याकाळी ६:१५

कावळेबुवा, तुमच्या तोंडात साखर पडो की आणखी काय, ते ठरवतेय. आज केबलवाल्याचा मुलगा "सर्व्हिसिंगला" आला आणि डबा रीसेट करून, हजेरीचं नाव-पासवर्ड भरून गेला. मी मीटिंगमध्ये होते. आठ-दहा मिनिटं नेट गेलं आणि आपोआप आलं, माझ्या खोलीत काही हलवावं लागलं नाही. फक्त ओटीवरच्या वायफायचं नाव पुन्हा कंपनीतलं, आकड्यांचं झालंय. सासरे म्हणतात आता बदलू नको, हे खरं सरकारी वाटतं.

पायरीचा दगड | संध्याकाळी ६:३२

ब्रिज केलं असतं तर... असो. सासऱ्यांना नमस्कार.

नवासभासद_४१ | रात्री ११:४८

नमस्कार, माझ्याकडे पण नारिंगी दिवा आहे. पासवर्ड बरोबर आहे. काय करू?

रिकामटेकडी | रात्री ११:५१

बंद करून चालू केलंत का?